आधी विचारा, मग पाना लावा

काकांनी १९७१ साली घेतलेली जावा देवळी गावातल्या गोठ्यात, कुटाराच्या ढिगामागे बावीस वर्षं उभी होती. टाकीवर नाव ‘जावा’च, कारण ‘येझदी’ हे नाव १९७३ पासूनचं. गेल्या उन्हाळ्यात मी ती खोलायला बसलो. चार दिवसांचं काम धरलं होतं, दोन महिने गेले. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. म्हणजे खोलताना जे तोडाल, ते कंपनीकडून परत येणार नाही. त्या दोन महिन्यांत जे कळलं, ते असं.

१. कव्हर निघत नाही, याचा अर्थ एक स्क्रू राहिलाय.
इंजिनाच्या डाव्या कव्हरचे स्क्रू सपाट खाचेचे. खाचांत काळी माती आणि ऑइल मिळून दगड झालेला. मी ते न कोरताच स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि पहिल्याच स्क्रूची खाच मारली. पुढच्या खाचा सुईने कोरल्या, खाचेत घट्ट बसणारा बिट घेतला आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडीचा एकेक टोला दिला. टोल्याने बिट खाली दाबला जातो आणि त्याच क्षणी फिरतोही. गंज तिथेच तुटतो. मेलेल्या स्क्रूच्या कडेला बारीक छिन्नी तिरपी लावून तो उलटा फिरवला.
तरी कव्हर हलेना. मी फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं. अॅल्युमिनियमला ओरखडा पडला आणि नंतर दिसलं की चिखलाखाली एक स्क्रू तसाच होता. त्या ओरखड्यातून आजही ऑइलचा थेंब येतो. जोडाच्या तोंडात लोखंड घालू नये, हे मला तो थेंब रोज सांगतो.

२. नट हलत नसेल तर आधी आट्यांची दिशा विचारा.
क्लचच्या पाच स्प्रिंगा आणि प्लेटा निघाल्या, राहिला मधला नट. पान्याला पाइप लावला. हब फिरू नये म्हणून आर्वी नाक्याजवळच्या वेल्डरकडून जुन्या क्लच प्लेटला लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली, तिचा दांडा जमिनीला टेकवला. तासभर घाम गाळला. काका बाजेवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, “काऊन रे, घट्ट करून राह्यला का?”
त्या नटाचे आटे उलटे. मी तासभर तो आवळत होतो.
“काका, आधी का नाही सांगितलं?”
“मले वाटलं तुले माईत हाये. इचारलं असतं त सांगतलं असतं.”
फिरत्या शाफ्टच्या ओढीने नट सैल पडू नये म्हणून काही ठिकाणी आटे उलटे देतात. जुन्या बुलेटच्या टायमिंग पिनियनचा नटही तसाच. आता मी नटाबाहेर डोकावणारे दोन-तीन आटे बॅटरीच्या उजेडात बघतो, मगच पाना उचलतो.

३. टेपरवर बसलेला भाग ठोकून निघत नाही.
प्रायमरी चेन अखंड, त्यामुळे क्रँकचं स्प्रॉकेट आणि क्लच एकत्रच ओढावे लागतात. स्प्रॉकेट टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, बसतं. बाजूने ठोकलं तर क्रँकला इजा होते. पुलर लावून ताण दिला, मधल्या बोल्टच्या डोक्यावर एकच टोला मारला. काही नाही. पुलर तसाच ताणलेला ठेवून जेवायला गेलो. ताटावर असतानाच अंगणातून ‘टण्’ असा आवाज आला.
उजवीकडच्या डायनॅमोची युक्ती आणखी सोपी. आर्मेचर धरणारा बारीक बोल्ट काढायचा आणि त्याच तोंडात जाड बोल्ट पिळायचा. तो आर्मेचरच्या आट्यांत चढतो, टोक क्रँकला टेकतं आणि आर्मेचर आपणहून मागे सरकतं.

४. जाम पिस्टनला दिवस द्यावे लागतात.
हेड काढलं तर सिलिंडरच्या भिंतीवर रिंगांच्या जागी गंजाचं कडं. डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं करून पिस्टनवर ओतलं. टू-स्ट्रोकच्या पोर्टांतून ते झिरपून जातं, म्हणून रोज सकाळी भर घालायची. अकराव्या दिवशी पिस्टनवर सागवानाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच ठोकलं. केसभर हलला. मग वरून ऑइल, पुन्हा ठोका, पुन्हा वाट. पहिल्याच दिवशी घण घातला असता, तर पिस्टनबरोबर कनेक्टिंग रॉडही गेला असता.

५. बेअरिंग उष्णतेने काढा, हातोडीने नाही.
अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे क्रँककेस तापवली की बेअरिंगचं घर बेअरिंगपेक्षा जास्त मोठं होतं. आधी रबरी ऑइल सील काढले, पेट्रोलने पुसलेली केस पूर्ण वाळू दिली, मग घराबाहेर शेगडीवर ठेवली. पाण्याचा थेंब टाकला. तो नाचून उडाला की झालं. कापडाने धरून लाकडी पाटावर आपटली आणि बेअरिंग टपकन खाली पडलं. नवं बसवताना उलटा उपाय: रात्रभर फ्रीझरमध्ये बेअरिंग, सकाळी गरम केस. नवतपाच्या उन्हात घरच्या फ्रीझरमध्ये बर्फाच्या जागी बेअरिंग सापडल्यावर बायको जे बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

६. जोडतानाही आधी विचारा.
पाचही धडे एकाच जागी येतात. प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने अडकलेला असतो: कुठे गंज, कुठे टेपर, कुठे उलटे आटे, कुठे विसरलेला स्क्रू. कारण कळलं की जोर थोडाच लागतो. कळायच्या आधी लावलेला जोर नेमका काहीतरी तोडतो.
क्लच जोडायला बसलो त्या दिवशी नव्या कॉर्कच्या प्लेटा हातात घेऊन मी थांबलो. बाजेकडे वळून म्हणालो, “काका, या अशाच लावू?”
काका उठून बसले. “कोरड्या नोको लावू. रातभर ऑइलात बुडवून ठेव.”