किडनीचा एमआरआय : मोजण्याची रीत एकच का हवी?

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसायचे असते. जिना चढून आल्या आल्या मोजले तर आकडा वाढलेला दिसतो. माणूस तोच, मशीन तेच. फक्त मोजण्याची रीत चुकलेली असते. किडनीच्या एमआरआयबाबतही डॉक्टरांपुढे आज हाच प्रश्न आहे.

किडनीचा बिघाड उशिरा का कळतो?

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. काही गाळण्या निकामी झाल्या तर उरलेल्या त्यांचा भार उचलतात. म्हणून रक्तातले क्रिएटिनिन बराच काळ ठीक दिसते. ते वाढेपर्यंत किडनीची निम्मी ताकद गेलेली असू शकते. शिवाय किडनीच्या आत नेमके काय बिघडले, हे क्रिएटिनिन सांगत नाही. त्यासाठी सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. त्याला बायोप्सी म्हणतात, आणि ती वारंवार करता येत नाही.

एमआरआय काय सांगू शकतो?

एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी वापरतात, एक्स-रेचे किरण नसतात. नव्या पद्धतींपैकी एक रक्तातल्या पाण्यालाच चुंबकाने खूण करून किडनीला किती रक्त मिळते ते मोजते. दुसरी ऑक्सिजनचा अंदाज देते. तिसरी पाण्याच्या कणांची हालचाल कुठे अडते ते पाहते. या तिन्हींना इंजेक्शन लागत नाही. किडनी खूप खराब असलेल्या रुग्णाला गॅडोलिनियमच्या काही इंजेक्शनांनी त्वचा कडक होण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून ही मोठी सोय आहे.

आनुवंशिक पॉलिसिस्टिक आजारात किडनीत पाण्याच्या गाठी होतात. तेथे किडनीच्या एकूण आकारमानावरून आजार किती वेगाने वाढेल याचा अंदाज येतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2016 साली औषधांच्या चाचण्यांसाठी या मोजमापाला मान्यता दिली.

अडचण कुठे आहे?

काही मशीन 1.5 टेस्ला ताकदीच्या असतात, काही 3 टेस्लाच्या. त्यामुळे काही आकडे बदलतात. श्वासाबरोबर किडनी वर-खाली होते. तपासणीआधी किती पाणी प्यायले, यानेही फरक पडतो. मग दोन ठिकाणचे आकडे वेगळे आले, तर आजार वाढला की मशीन बदलली, हे डॉक्टरांनी कसे ठरवायचे? चुकीच्या आकड्यावर उपचार बदलले तर नुकसान रुग्णाचेच होते.

म्हणून युरोपातल्या संशोधकांनी 2017 साली 'पॅरेन्किमा' हा सामाईक प्रकल्प सुरू केला. रुग्णाची तयारी कशी करावी, चित्र कसे घ्यावे, आकडा कसा काढावा, यावर तज्ज्ञांची मते फेरीफेरीने घेतली. जेथे एकमत झाले त्या शिफारशी 2020 साली प्रसिद्ध झाल्या. तरीही यातल्या बहुतेक पद्धती अजून संशोधनातच आहेत, रोजच्या उपचारात आलेल्या नाहीत.

आपण काय करावे?

- शुगर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या. सुरुवात या साध्या तपासण्यांनीच होते.
- शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.
- अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका. त्यांनी किडनी खराब होऊ शकते.
- एमआरआय सांगितला तर तो कशासाठी आणि त्याने उपचारात काय बदलेल, हे विचारा. अंगात पेसमेकर, क्लिप किंवा धातूचा तुकडा असेल, किडनीचा आजार असेल, तर ते आधीच सांगा.
- पायावर सूज, लघवीला फार फेस किंवा लघवीतून रक्त दिसले, तर वाट पाहू नका.

किडनी दुखून सांगेलच, असे नाही. म्हणून त्रास नसतानाच तपासणी करून घ्या.