पोलिओ आणि रक्तरसाची आशा

पाथर्डी तालुक्यांतील पालकांस पोलिओचे दोन थेंब परिचयाचे आहेत. परंतु लस निघण्यापूर्वीं वैद्यकशास्त्रानें कोणती वाट चोखाळली, हें विद्यार्थ्यांनीं जाणणें अगत्याचें आहे.

रोगांतून मनुष्य बरा झाला म्हणजे त्याच्या रक्तांत त्या विषाणूस निष्प्रभ करणारीं प्रतिद्रव्यें राहतात. १९१० सालीं अमेरिकेंत फ्लेक्सनर व लुईस यांनीं बऱ्या झालेल्या माकडांच्या रक्तांत हा गुण दाखविला. पॅरिसचे डॉक्टर नेटर यांनीं लवकरच बऱ्या झालेल्या मनुष्यांचा रक्तरस रोगी मुलांस देऊन पाहिला. १९१६ सालीं अमेरिकेंत सुमारें २७ हजार लोकांस पोलिओ होऊन ६ हजार दगावले, तेव्हांहि हा उपाय योजिला गेला. पुष्कळ मुलें बरीं झालीं. सबब उपाय गुणकारी, असें अनेकांनीं मानिलें.

परंतु पोलिओची लागण झालेलीं बहुतेक मुलें औषधावांचूनहि लुळीं न पडतां बरीं होतात. मग गुण रक्तरसाचा कीं निसर्गाचा? १९३१ सालीं न्यूयॉर्कच्या सांथींत विल्यम पार्क यांनीं रक्तरस दिलेल्या व न दिलेल्या रोग्यांची तुलना केली. रक्तरसाचा लाभ दिसला नाहीं. रोगाचीं चिन्हें दिसेपर्यंत विषाणु मज्जापेशींत शिरलेला असतो. त्यानंतरचा उपाय म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

मग हीं प्रतिद्रव्यें आधींच दिलीं तर? १९५१ व १९५२ सालीं विल्यम हॅमन यांनीं तीन सांथींत सुमारें ५५ हजार मुलांवर हा प्रयोग केला. कांहींस प्रौढांच्या रक्तांतील गॅमा ग्लोब्युलिन टोंचलें, कांहींस केवळ जिलेटिन. कोणास काय मिळालें, हें टोंचणारासहि ठाऊक नव्हतें. संरक्षण मिळालें, पण सुमारें पांच आठवडेच. उसनें धन किती दिवस पुरणार? मात्र रक्तांतील थोडींहि प्रतिद्रव्यें पक्षाघात टाळतात, हें सिद्ध झालें. तीं शरीरानें स्वतःच निर्माण करावीं, हें लशीचें काम. सॉल्क यांची लस १९५५ सालीं वापरांत आली.

मुंबईंत १९४९ सालीं पोलिओ-संशोधनास आरंभ झाला. भारतांत नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्यें आढळला, व २७ मार्च २०१४ रोजीं देश त्यापासून मुक्त ठरला.

पालकहो, शेजारच्या मुलास गुण आला, एवढ्यानें उपायाची परीक्षा होत नाहीं. पण जी लस परीक्षेस उतरली आहे, तिच्यावांचून आपलें एकहि मूल राहूं देऊं नका.