अर्ध्या वाटेवर गाळून बघ

पोरी, उद्यापासून तू सिलिकेवर अमाइन बसवायला घेणार, म्हणून आज जरा बैस. एसबीए-१५ ही सच्छिद्र सिलिका निवडलीस हे बरं केलंस. १९९८ साली ती सांता बार्बराच्या विद्यापीठात तयार झाली. एमसीएम-४१ या तिच्यासारख्याच सिलिकेपेक्षा तिच्या भिंती जाड, त्यामुळे गरम पाण्यातही ती जास्त तग धरते.

आधी ओल काढ. बाटलीत ठेवलेली सिलिका हवेतलं पाणी ओढून घेते. १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर वाळव, मगच कोरड्या टोल्युइनमध्ये घाल. पाणी जास्त राहिलं तर एपीटीईएसचे, म्हणजे अमाइन घेऊन येणाऱ्या सिलेनचे, रेणू भिंतीला धरायचे सोडून एकमेकांनाच धरतात आणि छिद्रांची तोंडं बुजतात. मग सॉक्सलेटवर नीट धू. जे नुसतं टेकलंय ते तिथेच निघून जाऊ दे, तुझ्या अभिक्रियेत नको.

आता खरी गोष्ट. बेन्झाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल घेऊन पाच वेळा ९५ टक्के उत्पाद मिळाला, म्हणजे तुझी अमाइन बसवलेली सिलिका उत्प्रेरक म्हणून टिकली असं समजू नकोस. भरपूर वेळ दिला की अर्धमेला उत्प्रेरकही तिथवर पोचतो. प्रत्येक वापरात पहिल्या दहा मिनिटांत किती झालं ते मोज. शिवाय अभिक्रिया ४० टक्क्यांवर आली की गरम असतानाच गाळ आणि गाळलेलं द्रावण त्याच तापमानाला ढवळत ठेव. ते पुढे सरकलं, तर काम सुटलेलं अमाइन करतंय. मी पहिल्यांदा अभिक्रिया संपल्यावर गाळलं होतं. पुढे सरकायला काही उरलंच नव्हतं, आणि मी खूश झाले! नुसत्या सिलिकेचा आणि उत्प्रेरकाशिवायचा प्रयोगही शेजारी लाव. मॅलोनोनायट्राइल फार उतावीळ असतं, उत्प्रेरकाची वाट बघत नाही.

गाळताना थोडी पूड कागदावर राहतेच. दर वेळी वजन कर आणि त्या प्रमाणात बाकीचं कमी घे. पूड पिवळी पडली तर अल्डिहाइड अमाइनला धरून इमिन झालं असेल. ती भट्टीत ५०० अंशांवर जाळून साफ करू नकोस, अमाइनच जळून जाईल. तीव्र अल्कलीही नको, सिलिका विरघळते.

आणि पाचव्या वापरानंतरची पुडीतल्या नायट्रोजनची टक्केवारी पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी लिही. कमी आली, तरी लिही.