एस्टोनियाला जाताना उजेडाचा हिशेब आधी करा

एस्टोनियाला पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी विचारते : तुम्ही जाल त्या दिवसांत तिथे सूर्य किती वाजता मावळतो? देश महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा, लोकवस्ती १४ लाखांच्या आत. त्यामुळे चार दिवसांत सगळं पाहून होईल असं वाटतं, आणि सहली आखून देणारेही तेच सांगतात.

आम्ही नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गेलो. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ताल्लिन या राजधानीहून सारेमा बेटाला सकाळी जाऊन रात्री परत, असं लिहून आलं होतं. अंतर साधारण पुणे-कोल्हापूरएवढं. पण मध्ये विर्त्सूच्या धक्क्यावर फेरीबोट घ्यावी लागते, ती मुहू बेटावर उतरवते आणि तिथून समुद्रात भर घालून केलेल्या रस्त्याने सारेमा गाठायचं. एका बाजूचेच चारेक तास जातात. कुरेसारेचा मध्ययुगीन किल्ला घाईघाईने पाहिला आणि काली इथल्या उल्काविवराशी पोचेपर्यंत अंधार पडला होता. सुमारे ११० मीटर रुंदीचं, मध्ये पाणी साठलेलं हे विवर बघायचं म्हणून आईने प्रवासाची एवढी दगदग सोसली होती. तिला टॉर्चच्या उजेडात जवळची कड तेवढी दिसली. त्याची हळहळ मला अजून वाटते, म्हणून निक्षून सांगते : सारेमाला किमान एक रात्र मुक्काम करा, आणि जमलं तर दोन.

त्या दिवसांत तिथे साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. डिसेंबरात दिवस सहा तासांचाच, तर जूनमध्ये अठरा तासांहून मोठा. पहिल्याच खेपेला जात असाल तर मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात हा काळ धरा. मात्र २३ आणि २४ जून टाळा किंवा नीट तयारीने जा. तेव्हा विजयदिन आणि मध्यग्रीष्माचा यानिपाएव सण असतो, लोक शेकोट्या पेटवायला गावी जातात, बरीच दुकानं बंद असतात आणि बेटांकडच्या बोटींना गर्दी उसळते. हिवाळ्यातच जायचं असेल तर कोटाला अडकवायचा परावर्तक आठवणीने घ्या. तिथे अंधारात पायी चालणाऱ्याने तो लावावा असा कायदाच आहे, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर तो जीव वाचवतो.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा. ‘दुसऱ्या देशाची तारीख लवकर मिळते’ या सल्ल्याला भुलू नका. एस्टोनियाचा दूतावास दिल्लीत आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३० हजार युरोंचं लागतं. हेलसिंकीहून बोटीने दोन तासांत ताल्लिनला येता येतं, दोन्ही देश शेंगेनमध्येच असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. पण त्या सोयीपायी ताल्लिनला दुपारपुरतं उरकू नका. उन्हाळ्यात भर दुपारी जुन्या शहरात क्रूझ जहाजांवरची गर्दी असते. तटबंदी आणि तांबड्या कौलांचं ते गाव सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा निवांत बघावं.

शाकाहारी मंडळींनी गावाकडे जरा जपून. राईचा काळा पाव, बटाटे, चीज सगळीकडे मिळतं, पण भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना, हे दरवेळी विचारा. घरून खाकरे, भडंग, कोरडी चटणी न्या. तूप, पेढे, बर्फी मात्र बॅगेत भरू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

लाहेमा राष्ट्रीय उद्यानातल्या विरू दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते. १९७१ साली झालेलं हे सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. फळ्यांवर बर्फ धरलं की पाय घसरतो, तेव्हा खाचांचे बूट हवेत आणि फळ्या सोडून खाली उतरायचं नाही.

एवढं करून दिवस उरले तर शेजारचा देश जोडण्याऐवजी तार्तूला जा. रेल्वेने साधारण दोन तास. तिथलं विद्यापीठ १६३२ सालचं, आणि एस्टोनियन लोकांचा पहिला गायन महोत्सव १८६९ मध्ये याच शहरात भरला. पुढे १९८९ च्या २३ ऑगस्टला ताल्लिनपासून विल्निअसपर्यंत तीन देशांतली लाखो माणसं सोव्हिएत सत्तेपासून स्वातंत्र्य मागत हातात हात धरून उभी राहिली, त्यामागे ही एकत्र गाण्याची जुनी सवयही होती असं मला मनापासून वाटतं. गावाबाहेर रादीला, जुन्या सोव्हिएत लष्करी विमानतळावर, राष्ट्रीय संग्रहालयाची २०१६ साली उघडलेली इमारत आहे. त्याला अख्खा दिवस द्या. सोमवारी ते बंद असतं, म्हणून तार्तूचा वार ठरवूनच परतीचं तिकीट काढा.