वाळवण आणि डाळ : सुटींतील कांहीं घरगुती प्रयोग

वार्षिक परीक्षा आटोपून शाळेस सुटी लागते, त्याच सुमारास नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरच्या गच्च्यांवर आणि अंगणांत जुनीं लुगडीं व चादरी अंथरल्या जातात. त्यांवर कुरडया, पापड, शेवया, सांडगे, खारोड्या यांची आरास मांडलेली असते. विद्यार्थ्यांचा या कामाशीं संबंध बहुधा दोनच वेळां येतो : कावळे हांकण्याचे वेळीं, आणि पापडाची कच्ची लाटी पळविण्याचे वेळीं. वास्तविक पाहतां, वर्षभर शाळेंत जें रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान पुस्तकांतून वाचावें लागतें, त्यांतील बराच भाग या पंधरा दिवसांत घरच्या चुलीपाशीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहतां येतो. तो कसा पाहावा, हें येथें सांगावयाचें आहे. साहित्य फारसें लागत नाहीं. एक वही, स्वयंपाकघरांतील लहान वजनकांटा, एक मापाचें भांडें आणि आईची परवानगी एवढें पुरे. यांपैकीं शेवटची वस्तु मिळविणें सर्वांत कठीण आहे, व तें योग्यच आहे. कारण एक घाणा बिघडला तर वर्षाची बेगमी जाते.

प्रथम हवेविषयीं. एप्रिल व मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर चढतो, आणि हवेंत ओलावा फार थोडा असतो. पदार्थ उन्हानें वाळतो असें आपण म्हणतों. तें अर्धेंच खरें आहे. पाण्याची वाफ होण्यास लागणारी उष्णता ऊन पुरवितें, परंतु ती वाफ सामावून घेण्यास हवा कोरडी असावी लागते. कोंकणांतही मे महिन्यांत ऊन कांहीं सौम्य नसतें. पण समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेमुळें तेथील पापड वाळण्यास वेळ लावतात, आणि तेथील माठांतील पाणीही आपल्याइतकें गार होत नाहीं. दोन्ही गोष्टींचें कारण एकच.

माठाचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता आसपासच्या वस्तूंतून ओढून घेतली जाते. दहा लिटर पाणी दहा अंशांनीं निवावयाचें, तर त्यांतून एक लक्ष कॅलरी निघून गेल्या पाहिजेत; म्हणजे सुमारें १७२ ग्रॅम पाणी, एका लहान पेल्याइतकें, माठाच्या अंगांतून पाझरून उडून गेलें पाहिजे. प्रत्यक्षांत बाहेरची उष्णता सतत आंत शिरत असते, म्हणून याहून अधिक उडतें. रात्रीं माठ कांठोकांठ भरून ठेवावा, त्यांतील पाणी कोणी घेऊं नये, आणि सकाळीं तो पुन्हां कांठोकांठ भरण्यास किती पाणी लागलें तें मापानें पाहावें.

वाळवणांतील खरा अभ्यासाचा विषय म्हणजे कुरडई. गहूं तीन दिवस भिजत घालतात व पाणी रोज बदलतात. दुसऱ्या दिवसापासून त्यास आंबूस वास येऊं लागतो. हा वास नासण्याचा नव्हे. दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंच्या जातीचेच सूक्ष्म जीव तेथें काम करूं लागलेले असतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं, दूध आंबण्याची ही क्रिया जिवंत सूक्ष्म प्राण्यांकडून होते, असें आपल्या निबंधांत मांडलें. पाणी न बदलल्यास दुसरेच जंतू माजतात, आणि मग खरी दुर्गंधी सुटते. 'पाणी बदललें कां?' असें आजी दिवसांतून तीनदां विचारतात, तें उगाच नव्हे.

भिजलेले गहूं वाटून, पाण्यांत कालवून, फडक्यांतून गाळतात. वर राहतो तो चोथा, आणि खालीं उतरतें तें पांढरें दूध. तें रात्रभर हलवूं नये. सकाळीं तळाशीं दाट चीक बसलेला असतो व वर पिंवळसर निवळी राहते. ती अलगद ओतून काढतात. हा चीक म्हणजे बहुतांशीं निव्वळ पिष्ट, म्हणजे स्टार्च होय. गव्हांतील चिवट प्रथिनाचा बराचसा भाग चोथ्याबरोबर गेलेला असतो.

हें पटत नसेल त्यानें मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास झांकून ठेवावी, आणि नंतर वाडग्यांतील पाण्यांत ती सावकाश चोळीत धुवावी. पाणी पांढरें होत जातें, आणि शेवटीं हातांत रबरासारखा ताणला जाणारा करडा गोळा उरतो. यास ग्लुटेन म्हणतात. इटलींतील बोलोन्या येथील बेक्कारी नांवाच्या प्राध्यापकानें हाच प्रयोग करून त्याची हकीगत १७४५ सालीं प्रसिद्ध केली. वाडग्यांतील पांढरें पाणी निवूं द्यावें. तळाशीं जें बसतें तो कुरडईचाच चीक. आतां हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करावा. हातांत कांहींच उरत नाहीं! ज्वारींत ग्लुटेन नसतें. म्हणूनच भाकरीच्या पिठांत कढत पाणी घालून त्यांतील पिष्टालाच चिकटपणा आणावा लागतो, आणि पोळीसारखी लाटण्याऐवजीं भाकरी हातानें थापावी लागते. ज्या मुलखाचें मुख्य अन्नच ज्वारी, तेथील मुलांस ही गोष्ट बोलोन्याच्या प्राध्यापकाच्याही आधीं ठाऊक असावयास हवी होती.

चीक शिजविणें हें जोखमीचें काम आहे. उकळत्या पाण्यांत मीठ घालून चीक धारेनें सोडतात व एकसारखें ढवळतात. सुमारें ६० अंशांच्या पुढें पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगूं लागतात, आणि पांढरें अपारदर्शक मिश्रण पाहतां पाहतां चकचकीत व कांहींसें पारदर्शक होतें. हा पालट डोळ्यांनीं पाहावा, परंतु ढवळण्याचें काम मोठ्या माणसांकडेच असावें. कढत पाणी अंगावर पडलें तर निथळून तरी जातें; कढत चीक कातडीस चिकटून बसतो व खोलवर भाजतो. असें झाल्यास ती जागा ताबडतोब नळाच्या साध्या पाण्याखालीं निदान वीस मिनिटें धरावी. तिच्यावर हळद, तेल किंवा दांतांचें मंजन फांसूं नये. फोड मोठे असतील तर दवाखाना गांठावा.

चीक गरम असतांनाच सोऱ्यांत भरून कुरडया पाडाव्या लागतात. निवाला कीं तो घट्ट होतो. सोऱ्या दाबण्यास जोर लागतो, आणि तो बहुधा आईलाच लावावा लागतो. घरांतील मोठ्या मुलांच्या दंडांतील बळ क्रिकेटच्या बॅटीवरच खर्च व्हावें, असा कांहीं नियम नाहीं.

वाळविण्यापूर्वीं दहा कुरडयांचें वजन करावें, आणि पुढें रोज सायंकाळीं त्याच दहांचें वजन वहींत टिपावें. पहिल्या दिवशीं वजन झपाट्यानें उतरतें, मग सावकाश, आणि शेवटीं उतरेनासें होतें. आलेख काढला तर ही वक्ररेषा फार सुंदर येते. मात्र वजन स्थिर झालें म्हणजे पाणी सर्व गेलें, असें नव्हे. खडखडीत वाळलेल्या कुरडईंतही थोडें पाणी दडून राहतेंच, आणि तळतांना ती फुलते ती त्याच पाण्याच्या बळावर. तेल १८० अंशांच्या आसपास तापलेलें असतें. त्यांत त्या पाण्याची एकदम वाफ होते, आणि वाफेस पाण्याच्या सुमारें सोळाशेंपट जागा लागते. म्हणून तेल पुरेसें तापलेलें नसेल तर कुरडई फुलत नाहीं, नुसती तेल पिते.

आतां पाण्याचा जमाखर्च. तीन दिवस भिजविणें, दोनतीनदां गाळणें, निवळी ओतणें यांत किती पाणी जातें, हें क्वचितच कोणी मोजतो. लातूरकरांस तें मोजण्याचें कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत शहरास पाणी पुरेना, तेव्हां तें मिरजेहून रेल्वेनें आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी आली. तिला दहा टाक्या होत्या, आणि एकेकींत सुमारें पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पांच लक्ष लिटर पाणी होतें. आंकडा मोठा वाटतो. परंतु २०११ च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या सुमारें ३ लक्ष ८३ हजार होती. तें पाणी सर्वांस सारखें वांटलें असतें, तर माणशीं सव्वा लिटराहून किंचित् अधिक आलें असतें. आपल्या घरीं एक किलो गव्हाच्या कुरडयांस किती लिटर पाणी लागतें तें यंदा मोजून पाहावें, आणि त्यास सव्वानें भागावें. तें पाणी त्या दिवशीं किती माणसांच्या वांट्याचें झालें असतें तें कळेल. यास्तव कुरडया करूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. भिजवणीचें व निवळीचें पाणी बिनमिठाचें असतें. तें मोरींत न ओततां बादलींत धरून झाडांच्या मुळाशीं घालावें, एवढें तरी सहज करतां येईल.

पापडांविषयीं एकच गोष्ट सांगतों. पिठांत जो पापडखार घालतात तो अल्कधर्मी असतो. चिमूटभर हळद पाण्यांत कालवून तींत पापडखार टाकला, तर पिंवळा रंग पालटून तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळलें तर पुन्हां पिंवळा. प्रयोगशाळेंतील लिटमसचें काम घरची हळद करते, आणि हळदीचा व्यापार तर नांदेडच्या बाजारांत मोठा आहे. कैरीच्या लोणच्यांतही असेंच एक सोपें निरीक्षण आहे : अर्धा किलो फोडींस ७५ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर ठेवावें, व सकाळीं सुटलेलें पाणी मोजावें. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढतें, आणि जंतूंच्या अंगांतीलही ओढतें. लोणचें टिकतें तें यामुळें.

डाळीचा प्रयोग मात्र सविस्तर करावा. लातूर जिल्ह्यांत निलंगा तालुक्यांतील बोरसुरी गांवच्या तूरडाळीस, आणि त्याच तालुक्यांतील पानचिंचोलीच्या चिंचेस, २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. दोन्ही गांवें एका तालुक्याचीं असलीं तरी पातेल्यांत या दोघींचें पटत नाहीं. तीन सारखीं पातेलीं घ्यावींत, प्रत्येकांत शंभर ग्रॅम डाळ व सारखेंच पाणी घालावें. पहिल्यांत दुसरें कांहीं घालूं नये, दुसऱ्यांत चिंचेचा कोळ आणि तिसऱ्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. झांकण न लावतां, सारख्या आंचेवर शिजवावें, आणि दर दहा मिनिटांनीं एकेक दाणा बोटांनीं चेपून पाहावा. सोड्याची डाळ सर्वांआधीं मऊ होते; चिंचेची इतकी मागें रेंगाळते कीं पाहणारा कंटाळतो.

याचें कारण असें. डाळीच्या दाण्यांतील पेशी पेक्टिन नांवाच्या द्रव्यानें एकमेकींस सांधलेल्या असतात. डाळ शिजते म्हणजे हे सांधे सुटतात. आंबट पदार्थ त्यांस घट्ट धरून ठेवतात, अल्कधर्मी पदार्थ ते सोडवितात. पाण्यांतील चुन्याचे क्षारही हे सांधे अधिक पक्के करितात. आपल्याकडील पुष्कळ विहिरींचें व बोअरचें पाणी जड असल्यामुळें, डाळ शिजत नाहीं म्हणून जी तक्रार ऐकूं येते, तींत दोष नेहमीं डाळीचाच असतो असें नाहीं. चौथें पातेलें जड पाण्याचें ठेवल्यास हें कळून येईल. वरणांत चिंच डाळ शिजल्यावरच घालण्याची जी घरोघरची रीत आहे, ती या दृष्टीनें अगदीं बरोबर आहे.

मग सोडाच कां घालूं नये, असें कोणी विचारील. सोड्यानें डाळींतील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. हें जीवनसत्त्व अन्नांत नसल्यास बेरीबेरी नांवाचा रोग होतो. आइकमन या डच वैद्यानें जावा बेटावर, सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांस तसाच रोग जडतो, हें पाहिलें, आणि पुढें १९२९ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. जळण वांचविण्यासाठीं डाळ आधीं दोन तास भिजत घालावी, सोडा नको.

शेवटीं सांठवणाविषयीं, आणि हा भाग पालकांनींही वाचावा. जून महिन्यांत पहिला पाऊस पडला कीं हीच कोरडी हवा दमट होते, आणि नीट न वाळलेल्या पदार्थास बुरशी धरते. पापड किंवा कुरडईवर हिरवा-काळा डाग दिसला तर तेवढाच पुसून बाकीचा तळून खाण्याची संवय पुष्कळ घरीं आहे. भुईमुगाच्या दाण्यांच्या बाबतींत तर ती फारच घातक आहे. १९६० सालीं इंग्लंडमध्यें एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात् मेले. शोध करतां असें आढळलें कीं, त्यांस ब्राझीलहून आणलेली भुईमुगाची पेंड खाऊं घातली होती, आणि तीवर एक जातीची बुरशी वाढलेली होती. त्या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन असें नांव पडलें. तें यकृतास बाधतें, दीर्घकाळ पोटांत जात राहिल्यास यकृताचा कर्करोग होतो, आणि भाजण्यानें किंवा तळण्यानें तें पुरतें नाहींसें होत नाहीं. म्हणून शेंगा फोडतांना जे दाणे बुरसटलेले, सुरकुतलेले किंवा चवीस कडवट लागतील ते निवडून बाहेर टाकावे, आणि वाया जाऊं नयेत म्हणून ते गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या पुढेंही टाकूं नयेत.