एक्झॉस्टचा तुटका स्टड कसा काढावा?

थंड इंजिन सुरू करताच बाजूने 'फट्‌फट्' असा आवाज यावा व इंजिन तापल्यावर तो कमी व्हावा, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एखादा स्टड तुटल्याची शंका घ्यावी. सिलिंडर हेडमध्ये आट्यांनी बसविलेले हे पोलादी स्टड रोज तापतात, निवतात आणि दमट हवेत गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आटे पाचर मारल्यागत आवळले जातात. अशा नटावर लांब पाना चढवून जोर केला, की नट सुटण्याऐवजी स्टडच मोडतो. तथापि गळतीकडे दुर्लक्ष करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो.

इंजिन थंड असताना तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडविणारे पातळ तेल आदल्या रात्रीच सोडावे. सकाळी स्टडच्या टोकावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. नट प्रथम किंचित आवळावा, मग सोडवावा. असे मागेपुढे करीत गेल्यास पुष्कळदा काम भागते.

स्टडचा तुकडा बाहेर उरला असल्यास त्यावर दोन नट एकमेकांविरुद्ध घट्ट करून आतील नट उलटा फिरवावा. तुकडा आखूड असेल, तर त्यावर नट वेल्ड करणे उत्तम. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंजाची पकड सैल होते. तत्पूर्वी तेल पुसून टाकावे, इंधनाच्या नळ्या झाकाव्यात आणि बॅटरीची जोडणी सोडावी.

हेडच्या बरोबरीने मोडलेला स्टड मात्र कुशल हाताचीच अपेक्षा करतो. अगदी मध्यावर पंच मारून आधी बारीक, मग मोठे भोक पाडावे. डाव्या फिरकीचे ड्रिल मिळाले, तर तुकडा कधीकधी त्यासरशी बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर जपून वापरावा; तो कठीण, पण ठिसूळ असतो. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा. दौऱ्यावरील जुन्या जीपमध्ये उतावीळपणे फिरविलेला एक्स्ट्रॅक्टर भोकातच मोडला, साधे ड्रिल त्यावर चालेना, आणि अखेर हेड उतरवावे लागले, तेव्हा हे ज्ञान झाले! हेड ॲल्युमिनियमचे असेल, तर ड्रिल मऊ धातूकडे घसरते, हेही ध्यानी ठेवावे.

नवा स्टड बसविण्यापूर्वी टॅप फिरवून आटे स्वच्छ करावेत, उष्णता सोसणारे अँटी-सीझ लेपन लावावे व गॅस्केट नवे घ्यावे. नट मधून कडांकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत. इंजिन एकदा तापून पूर्ण निवल्यावर ते पुन्हा तपासावेत.