एअर रायफलचा नेम सुधारायचाय? आधी छर्रे, मग मिस्त्री

हैदराबादच्या अंबरपेठेत राहता, नवी 4.5 मिमीची एअर रायफल घेतलीत आणि दहा मीटरवर छर्रे कागदभर विखुरतात? लगेच दुरुस्तीला टाकू नका. आधी दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलीत धक्क्याने ते हमखास सैल होतात. खर्च शून्य. मग तीन वेगवेगळे छर्रे आणा, टेकण घेऊन प्रत्येकाचे पाच बार काढा, जे सर्वांत जवळ-जवळ बसतील तेच वापरा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. आयात केलेला मॅच छर्रा देशीपेक्षा बराच महाग पडतो, म्हणून पहिल्यांदा एकेकच डबा घ्या.

ही चाचणी गच्चीवर नको, गच्चीबावलीला करा. तिथे हैदराबाद विद्यापीठाजवळ सरकारी नेमबाजी रेंज आहे. वेळ आणि शुल्क आधी फोनवर विचारा आणि कॅबचे जाऊन-येऊन भाडे हिशेबात धरा. अख्खे शहर ओलांडायचे आहे.

एवढे करूनही फरक नाही? मग मिस्त्री. सील, स्प्रिंग, ट्रिगर, या क्रमाने बोला. सुटा भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, ‘खोलून बघायचे’ पैसे वेगळे लागतील का ते विचारा, काढलेला जुना भाग परत मागा. जीएसटीचे बिल घेतले तर मजुरीवर 18 टक्के धरा. सील परदेशी असेल तर काम तासाभराचे, वाट पाहणे आठवड्यांचे. अंदाज रायफलीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला, तर माझ्या मते काम करू नका.

‘जोर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यापासून जपा. कडक स्प्रिंगने धक्का वाढतो, नेम उलट बिघडतो. शिवाय छर्ऱ्याची ऊर्जा 20 जूलच्या वर नेलीत किंवा 4.5 मिमीपेक्षा मोठी नळी बसवलीत, की 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागतो. बिलावर जूल आणि नळीचे माप लिहून घ्या, झेरॉक्स रायफलीच्या पिशवीत ठेवा.

घरात वडिलोपार्जित .315 बोअरची रायफल असेल तर गोष्ट निराळी. ती दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच द्या. परवान्याची मूळ प्रत न्या, दुकानाचा परवाना स्वतः पाहा, पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि कामाचा तपशील घ्या. नळी कापून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर रायफल उचला आणि बाहेर पडा. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.